पुढच्या दातांना पोर्सिलेन व्हिनिअर: ठरवण्यापासून चिकटवण्यापर्यंत आणि त्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवडा, नांदेडमधलं किनवट, चंद्रपूरचे काही तालुके, या पट्ट्यातल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. मुलांचे कायमचे दात साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतात. त्या वयात जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं की दात येतानाच पांढुरके पट्टे किंवा तपकिरी डाग घेऊन येतात. मग ते कितीही ब्रश केले तरी जात नाहीत. पुढे लग्न ठरायची किंवा नोकरीच्या मुलाखतीची वेळ आली की हीच मुलं-मुली तोंडावर हात धरून दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, सगळ्याच दातांना कॅपा बसवून द्या."

या लेखात मी मुख्यतः अशा दातांचा विचार केला आहे. पण दात तुटलेला असो, फट असो, मिश्रीने झिजलेला असो, कामाची पद्धत तीच असते. आणि एक गोष्ट आधीच ठासून सांगते: व्हिनिअर बिघडतं ते बहुतेक वेळा मशीन दाताला लागण्याआधीच, म्हणजे घाईत घेतलेल्या निर्णयात. दाताचं इनॅमल (वरचं कडक आवरण) एकदा तासलं की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. म्हणून खालच्या टप्प्यांपैकी पहिल्या निम्म्या टप्प्यांना जास्त वेळ द्या.

व्हिनिअर आणि कॅप यांतला फरक

व्हिनिअर म्हणजे दाताच्या फक्त दर्शनी बाजूवर चिकटवलेला पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. कॅप मात्र दाताला चारही बाजूंनी झाकते आणि तिच्यासाठी दात सगळीकडून बारीक करावा लागतो. मोजमापं झाली आहेत: व्हिनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी साधारण ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. ब्रिटनमधून स्वस्तात दात करायला तुर्कस्तानला गेलेल्या अनेक तरुणांच्या बाबतीत हेच झालं. ते मागायला गेले व्हिनिअर, आणि धडधाकट दातांचे खुंट करून त्यांवर कॅप बसवल्या गेल्या. म्हणून डॉक्टरांशी बोलताना हा शब्द पक्का करून घ्या. "कॅप की व्हिनिअर?" असं थेट विचारायला लाजू नका.

ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२०-३० च्या दशकांत हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी असे पापुद्रे बनवले, पण ते चित्रीकरणापुरते लावायचे आणि काढून ठेवायचे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर लावलं की त्यावर रेझिन (प्लॅस्टिकसारखा घट्ट होणारा पदार्थ) घट्ट धरतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनची आतली बाजूसुद्धा हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करता येऊ लागली. या दोन शोधांवरच आजचं व्हिनिअर उभं आहे. मोकळी फरशी हातातून पडली तर फुटते, पण तीच सिमेंटवर नीट बसली की वजन झेलते. व्हिनिअरचंही तसंच आहे. त्याची ताकद चिकटण्यात आहे आणि ते सगळ्यात चांगलं चिकटतं ते इनॅमलवर.

पहिला टप्पा: व्हिनिअरविना भागतं का, ते बघा

पांढुरके पट्टे असतील तर आधी ब्लीचिंग किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशनने काम होतं का ते बघावं. इन्फिल्ट्रेशनमध्ये दात न तासता इनॅमलच्या सूक्ष्म छिद्रांत पातळ रेझिन मुरवतात आणि पट्टा आजूबाजूच्या दातात मिसळून जातो. वरवरच्या तपकिरी डागांना मायक्रोअब्रेजन चालतं. त्यात आम्ल आणि बारीक खरखरीत पेस्ट वापरून इनॅमलचा अगदी वरचा थर घासून काढतात. एखाद्या तासाचं काम, खर्चही कमी. फ्लोरोसिसच्या (म्हणजे फ्लोराइडने डागाळलेल्या) सौम्य आणि मध्यम दातांमध्ये हे दोन उपाय आणि ब्लीचिंग मिळून इतका फरक पडतो की पुष्कळ जण तिथेच समाधानाने थांबतात.

दात वाकडे असतील तर तार किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे). वाकडा दात व्हिनिअरने "सरळ दाखवायचा" म्हणजे पुढे आलेला कोपरा तासून काढायचा, आणि त्यात निरोगी दात फुकट जातो. तारेला वर्ष-दीड वर्ष लागतं हे खरं, पण दात शाबूत राहतो. छोटी फट किंवा तुटलेला कोपरा असेल तर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण) पुरतं. ते एका बैठकीत होतं, बिघडलं तर दुरुस्त करता येतं. मात्र चार-सहा वर्षांत त्याचा रंग उतरतो, पॉलिश करावं लागतं.

गडद तपकिरी फ्लोरोसिस, ज्यात दाताला खड्डेही पडलेत. लहानपणी टेट्रासायक्लिन घेतल्याने आलेले राखाडी-निळसर पट्टे. मधल्या दोन दातांच्या शेजारचे, जन्मतःच बारीक असलेले दात. झिजून आखूड झालेल्या कडा. व्हिनिअरची खरी गरज असते ती अशा दातांना.

कोणी थांबावं

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी हिरड्या. दाढा किडल्या असतील किंवा पडल्या असतील तर आधी दाढा, कारण चावायला मागे काही नसेल तर सगळा भार पुढच्या व्हिनिअरवर येतो. रात्री दात खाण्याची सवय असेल किंवा वरचे-खालचे पुढचे दात कडेला कड टेकत असतील तर डॉक्टरांनी हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. वय अठराच्या आत असेल तर हिरडीची पातळी अजून स्थिर झालेली नसते. तोवर कॉम्पोझिटवर भागवावं.

गुटखा, खर्रा, तंबाखू चालू असेल तर मी स्पष्ट नाही म्हणते. तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, गालाच्या आत पांढरट घट्ट पट्टा हाताला लागतो, अशी लक्षणं असतील तर ती सबम्युकस फायब्रोसिसची (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याच्या रोगाची) असू शकतात. पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. त्या माणसाला दात सुंदर करण्याआधी तोंडाची तपासणी हवी, आणि तीही लगेच.

दुसरा टप्पा: डॉक्टर आणि खर्च

बीडीएस डॉक्टरही हे काम उत्तम करू शकतात. पण प्रोस्थोडॉन्टिक्स (कॅप, कृत्रिम दात) किंवा कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्रीमध्ये (दात वाचवून दुरुस्त करणं) एमडीएस केलेल्यांचं हे रोजचं काम असतं. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो बघा. ब्युटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवून घरी चिकटवायच्या "इन्स्टंट" दातांच्या वाटेला जाऊ नका; त्यांच्या कडेखाली अन्न साचतं आणि खालचा दात किडतो.

डॉक्टरांना त्यांनी स्वतः केलेल्या कामाचे आधीचे, नंतरचे आणि जमलं तर काही वर्षांनंतरचे फोटो मागा. ताजं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. पाच वर्षांनंतर हिरडीची कड गुलाबी आहे की लाल सुजलेली, यावरून हात कळतो.

खर्च गावागणिक बदलतो. महाराष्ट्रातल्या शहरांत पोर्सिलेनच्या एका व्हिनिअरला साधारण ₹८,००० ते ₹२०,००० लागतात, नावाजलेल्या लॅबचं काम असेल तर त्याहून जास्त. अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात मॉक-अप (आधी तोंडात बसवून बघायचे नमुना दात), तात्पुरते दात, रात्रीचा गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) आणि एखादं व्हिनिअर निघालं तर काय, हे चारही लिहिलेलं असावं. आरोग्य विमा सौंदर्यासाठीचं काम सहसा भरून देत नाही. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे चौकशी करा. तिथे वेळ लागतो, खेपा जास्त होतात, पण काम पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतात.

आणखी एक हिशेब मनात ठेवा. चांगलं केलेलं व्हिनिअर टिकतं. अभ्यासांमध्ये दहा वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक व्हिनिअर जागेवर आढळली आहेत. पण ती जन्मभराची नाहीत. पंचविशीत करून घेतलं तर आयुष्यात दोनदा-तीनदा बदलण्याची तयारी ठेवावी लागेल. म्हणूनच हसताना दहा दात दिसतात म्हणून दहांना लावायचं, असं करू नये. दोन दातांत काम होत असेल तर दोनच करावेत.

तिसरा टप्पा: पूर्वतयारी

एक्स-रे, फोटो, दातांचं माप किंवा डिजिटल स्कॅन, मग स्केलिंग (मशीनने दातांची सफाई). हिरडी बरी व्हायला एक-दोन आठवडे द्यायचे.

ब्लीचिंग करायचं असेल तर ते व्हिनिअरच्या आधीच, कारण पोर्सिलेन नंतर ब्लीच होत नाही. न लावलेले शेजारचे आणि खालचे दात आधी उजळून घ्यायचे आणि त्यांना जुळणारी शेड (रंगाची छटा) निवडायची. ब्लीचिंग झाल्यावर चिकटवण्याआधी किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे रेझिन नीट पकडत नाही. लग्न असेल तर या सगळ्याचा विचार करून तारखेच्या तीन महिने आधी सुरुवात करा. हळदीच्या आठवड्यात धावत येणाऱ्याला कोणीही चांगलं काम देऊ शकणार नाही.

गडद दात आधी ब्लीच करण्याचं दुसरंही कारण आहे. एक शेड उजळायला पोर्सिलेनची साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडी लागते. दात जितका काळपट, तितकं जाड पोर्सिलेन, आणि तितकाच जास्त दात तासावा लागणार. ब्लीचिंगने दोन शेड उजळल्या तर तेवढा दात वाचतो.

शेड दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, लिपस्टिक पुसून बघायची आणि बैठकीच्या अगदी सुरुवातीला. तोंड उघडं राहून दात सुकले की ते काही मिनिटांत खऱ्यापेक्षा पांढरे दिसू लागतात. नेहमीच्या शेड गाइडमध्ये ए-१ ते डी-४ अशा १६ छटा असतात. त्याहून पांढऱ्या ब्लीच शेडही मिळतात. तुमच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले की लांबूनही बनावट दिसतात. सावळ्या चेहऱ्यावर तर ते फार उठून दिसतं. खरा दात हिरडीपाशी जरा पिवळसर आणि कडेला जरा पारदर्शक असतो. हा उतार लॅबला लिहून कळवायला सांगा.

चौथा टप्पा: मॉक-अप, जो कधीही वगळू नये

तुमच्या दातांच्या साच्यावर लॅबवाला मेणाने किंवा संगणकावर नवे दात घडवतो. त्यावरून सिलिकॉनचा साचा बनतो. त्यात दातांच्या रंगाचं पातळ रेझिन भरून तो तुमच्या दातांवर दाबायचा, तीन-चार मिनिटांनी काढायचा. खाली तुमचे होऊ घातलेले दात तोंडात तयार असतात, आणि अजून खऱ्या दाताला ओरखडाही पडलेला नसतो.

आता आरशासमोर घाई करू नका. उभे राहा, बोला, हसा. "फणस", "फाटक", "वावर" म्हणून बघा: वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओलसर रेषेला हलकेच टेकली पाहिजे. ओठाला रुतत असेल तर दात लांब झालेत. मग "एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट" करत "अडुसष्ट"पर्यंत मोजा. शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा जीभ अडत असेल तर जाडी किंवा लांबी बदलायला हवी. बाजूने फोटो काढा, ओठ पुढे फुगलेला दिसत नाही ना ते बघा. घरच्या माणसाला बरोबर न्या. आई किंवा नवरा समोर बघून जे बोलतात ते डॉक्टरला सुचत नाही. शक्य असेल तर एक-दोन दिवस मॉक-अप तोंडात ठेवून घरी जा.

काही खटकलं तर आत्ताच सांगायचं. इथे बदल करायला थोडं रेझिन आणि अर्धा तास लागतो. पोर्सिलेन चिकटल्यावर तोच बदल करायचा तर ते फोडूनच काढावं लागतं.

जो डॉक्टर "मॉक-अपची गरज नाही, मी बघतो" म्हणतो, तिथून उठून या.

पाचवा टप्पा: दात तासणं

भूल देऊन हे काम होतं. पुढच्या वरच्या दाताचं इनॅमल कडेजवळ साधारण १ मिलिमीटर जाड असतं, पण हिरडीजवळ ते ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर येतं. म्हणून मधे ०.५ आणि हिरडीपाशी ०.३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. इनॅमल संपून आतलं पिवळसर डेंटिन उघडं पडलं की दाताला थंड-गरम लागतं आणि चिकटण्याची ताकदही घटते.

हे नेमकं साधायची एक चांगली पद्धत आहे. मॉक-अप दातांवर ठेवूनच, खोली मोजणाऱ्या बरने (मशीनच्या तासणाऱ्या टोकाने) त्याच्यातून आरपार खाचा घ्यायच्या, पेन्सिलने रंगवायच्या, मग मॉक-अप काढून फक्त पेन्सिलच्या खुणा जाईपर्यंतच दात तासायचा. दात आधीच झिजलेला किंवा आत वळलेला असेल तर कित्येक जागी खूण उमटतच नाही, म्हणजे तिथे हात लावायची गरजच नाही. "तुम्ही मॉक-अपमधून प्रिपरेशन करता का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारून ठेवा.

मग माप घ्यायचं. साहित्य डॉक्टर ठरवतील: फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन हाताने थर देऊन घडवतात, ते फार पातळ आणि जिवंत दिसतं, लिथियम डायसिलिकेट त्याहून मजबूत, आणि सध्या जास्त वापरात आहे.

तात्पुरत्या दातांचे दिवस

लॅबमधून काम यायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर रेझिनचे तात्पुरते दात असतात, आणि ते मुद्दाम कच्चे चिकटवलेले असतात. पेरू, ऊस, भाकरीचा कडक पापुद्रा पुढच्या दातांनी तोडू नका. या रेझिनला हळद फार लवकर लागते, त्यामुळे पिवळा रस्सा दोन आठवडे बेताने. आणि दात जरा ठणकला म्हणून लवंगेचं तेल लावू नका. त्यातल्या युजेनॉलमुळे पुढे रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. दुखत असेल तर डॉक्टरांना फोन करा.

सहावा टप्पा: बसवण्याचा दिवस

या बैठकीला दीड-दोन तास मोकळे ठेवा. व्हिनिअर आधी रंगीत ट्राय-इन पेस्ट लावून नुसती ठेवून बघतात. ती पाण्याने धुऊन जाते. सिमेंटच्या छटेनेही पातळ व्हिनिअरचा रंग थोडा बदलतो, म्हणून इथे पुन्हा खिडकीपाशी जाऊन बघा आणि पसंत असेल तरच "हो" म्हणा.

मग व्हिनिअरची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करतात. लिथियम डायसिलिकेटला वीस सेकंद पुरतात, फेल्डस्पॅथिकला मिनिटभर किंवा जास्त. ती धुऊन, सुकवून सिलेन (पोर्सिलेन आणि रेझिन जोडणारं द्रव) लावतात. इकडे रबर डॅमने (रबराच्या पातळ पडद्याने) दात लाळेपासून वेगळे ठेवून त्यांवर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावतात. फ्लोरोसिसचं इनॅमल आम्लाला दाद देत नाही, म्हणून ते हलकं खरवडून किंवा आम्ल जास्त वेळ ठेवून काम करावं लागतं. तुमचं लहानपण फ्लोराइडच्या गावात गेलं असेल तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. मग बॉन्ड, रेझिन सिमेंट आणि निळा प्रकाश. पातळ व्हिनिअरला फक्त प्रकाशाने घट्ट होणारं सिमेंट बरं, रसायनानेही घट्ट होणाऱ्या दुसऱ्या प्रकाराचा रंग काळाने पिवळट होऊ शकतो.

उठण्याआधी प्रत्येक दोन दातांमधून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) घालून बघा. तो अडकून तुटत असेल किंवा त्याचे धागे निघत असतील तर कडेला सिमेंट राहिलंय, ते तेव्हाच काढून घ्या. राहिलेल्या सिमेंटच्या कणाने काही महिन्यांत हिरडी सुजते. घरी जाऊन चावताना एखादा दात आधी टेकतोय असं वाटलं तर "सवय होईल" म्हणून थांबू नका, दुसऱ्याच दिवशी जा.

त्यानंतर

आठवडाभर थंड लागणं स्वाभाविक आहे. मऊ ब्रश आणि साधी टूथपेस्ट वापरा; मिश्री, कोळशाची पावडर, राखुंडी कायमची बंद. सुपारी, नळीचं हाड, अक्रोड पुढच्या दातांनी फोडू नका. दातांनी दोरा तोडणं, पिशवीची गाठ सोडणं, पेनचं टोपण चावणंही नको. रात्री दात खात असाल तर गार्ड रोज लावा.

सहा महिन्यांनी तपासणीला जाल तेव्हा, विशेषतः दुसऱ्या दवाखान्यात, व्हिनिअर असल्याचं आधी सांगा. आम्लयुक्त फ्लोराइड जेलने पोर्सिलेनची चकाकी जाते, तिथे न्यूट्रल सोडियम फ्लोराइड वापरतात. आणि स्केलिंगचं मशीनही कडांपाशी जपून चालवावं लागतं.

कधी व्हिनिअर अख्खं निघून आलं तर घाबरू नका. ते धुऊन छोट्या डबीत ठेवा, रुमालात नको, दाबून तुटतं. घरातल्या झटपट गोंदाने चिकटवू नका. तो गोंद काढताना दात आणि व्हिनिअर दोन्ही खराब होतात. न फुटलेलं व्हिनिअर साफ करून पुन्हा बसवता येतं, त्यामुळे डबी घेऊन दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडे जा आणि तोवर त्या दाताने चावू नका.